चित्रातला जग्वार आणि त्याचा माणूस

२०२४च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे व्हेनिसला दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलामेळ्यात, मुख्य प्रदर्शनात, गोव्याच्या साळगावात जन्मलेले एफ. एन. सूझा आणि नागपूरजवळच्या बेला गावच्या बी. प्रभा यांची चित्रं होती. भारतीय बातम्यांचा भर साहजिकच भारतीय नावांवर राहिला. त्याच प्रदर्शनात ग्वातेमालामधल्या कोमालापा या एकाच डोंगरी गावातले तीन चित्रकार होते: आंद्रेस कुरुचिच, त्यांची नात रोसा एलेना कुरुचिच आणि पाउला निचो. तिघंही माया लोकांतल्या काक्चिकेल या समाजातले. निचो यांच्या चित्रांत बायकांच्या अंगावर विणकामाची नक्षी कातडीसारखी चढलेली असते, कुणाला पंख फुटलेले असतात, कुणी गावावरून उडत जात असते.

अशी चित्रं इंटरनेटवर फिरू लागली की त्यांच्यामागून एक ठरलेली यादीही फिरते. जग्वार म्हणजे शक्ती. साप म्हणजे पुनर्जन्म. घुबड म्हणजे मृत्यू. क्वेत्झाल पक्षी म्हणजे स्वातंत्र्य. यादी सोयीची आहे आणि अगदीच खोटीही नाही. पण ती हातात धरून चित्र पाहायला गेलं की लवकरच अडायला होतं. जग्वारचा चेहरा अर्धाच का? बाईला पंख आहेत, पण ते पिसांऐवजी कापडाचे का? हरणाच्या अंगावर ठिपके आणि आकडे कशासाठी? यादीत याची उत्तरं नसतात, कारण ‘हा प्राणी कशाचं प्रतीक?’ हा प्रश्नच इथे फारसा उपयोगाचा नाही. ‘हा प्राणी कुणाचा?’ असं विचारलं की चित्र उलगडू लागतं. असं का, ते मुळापासून पाहू.

माया लोक कुठेही गेलेले नाहीत

माया म्हटलं की आपल्याला २०१२ आठवतं. २१ डिसेंबरला जग बुडणार म्हणून वाहिन्यांनी धरलेला ताल आठवतो. त्यांच्या कालगणनेतलं सुमारे ५,१२५ वर्षांचं एक चक्र त्या दिवशी पुरं होऊन पुढचं सुरू होत होतं, एवढाच मामला होता. अभ्यासक ते घसा कोरडा होईपर्यंत सांगत होते. ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

त्या गडबडीत पक्का झालेला दुसरा गैरसमज जास्त नुकसान करणारा आहे: माया ही लुप्त झालेली संस्कृती आहे. इसवी सन २५० ते ९०० हा त्यांच्या मोठ्या नगरांचा भरभराटीचा काळ. तिकाल, पालेंके, याश्चिलान, कोपान ही त्यातली नावं. नंतर यातली बरीच नगरं ओस पडली, पण माणसं राहिली. दक्षिण मेक्सिको, ग्वातेमाला, बेलीझ आणि होन्डुरासचा पश्चिम भाग या पट्ट्यात आज सुमारे ३० माया भाषा बोलल्या जातात. ग्वातेमालाच्या २०१८च्या जनगणनेत दर दहा माणसांतल्या चौघांनी स्वतःला माया म्हटलं. ती संख्या साठ लाखांहून अधिक भरते.

म्हणून कोमालापातल्या चित्रकाराचं काम ‘प्राचीन प्रतीकांचं पुनरुज्जीवन’ म्हणून दाखवलं जातं, तेव्हा जरा जपून ऐकावं. त्याच्या आजीच्या अंगावरच्या कापडात त्याच्या चित्रातला पक्षी होताच.

दिवसाला प्राणी, माणसाला दिवस

माया लोकांकडे २६० दिवसांची एक कालगणना आहे. तिच्यात २० दिवसांची नावं आहेत आणि १ ते १३ असे आकडे. रोज नावही पुढे सरकतं आणि आकडाही. आज ‘८ माकड’ असेल तर उद्या आकडा ९ होतो आणि नावही पुढचं येतं. वीस नावं आणि तेरा आकडे यांची तीच जोडी पुन्हा यायला २६० दिवस लागतात. किचे या माया भाषेतल्या नावांशी जोडलेले प्राणी पाहा: बात्स म्हणजे माकड, केह म्हणजे हरीण, त्सी म्हणजे कुत्रा, कान म्हणजे साप, ईश म्हणजे जग्वार, त्सिकिन म्हणजे पक्षी. बाकीच्या नावांत वारा, पहाट, मृत्यू, मका, पाऊस अशा गोष्टी येतात.

ज्या दिवशी जन्म, तो दिवस माणसाचा. आपल्याकडे पत्रिका जुळवताना ‘योनी’ पाहतात, त्याची इथे आठवण होईल. जन्मनक्षत्रावरून अश्व, गज, सर्प, श्वान, मार्जार, मूषक अशा चौदांपैकी एक योनी ठरते, आणि एकाची मार्जार, दुसऱ्याची मूषक निघाली तर त्या रकान्यात शून्य गुण पडतात. जन्मवेळेवरून माणसाला प्राणी मिळतो, ही कल्पना म्हणून आपल्याला परकी नाही. फरक आहे तो वापराचा. आपली योनी लग्न ठरेपर्यंत चर्चेत असते आणि अक्षता पडल्या की तिचं नावही कुणी काढत नाही. ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातल्या पारंपरिक घरांत मात्र जन्मदिवस आयुष्यभर सोबत असतो. पेरणी, आजार, स्वप्न, भांडण अशा कुठल्याही प्रसंगी ‘अहकीह’, म्हणजे दिवस मोजणारे जाणकार, तो विचारात घेतात. मोमोस्तेनांगो या किचे गावात ‘८ माकड’ या दिवशी नव्या अहकीहांना दीक्षा मिळते.

ही गणना किती जुनी? ग्वातेमालाच्या उत्तरेकडच्या जंगलात सान बार्तोलो इथल्या एका पिरॅमिडमध्ये भित्तिचित्रांचे तुकडे सापडले आहेत. २०२२ साली अभ्यासकांनी त्यातल्या दोन जुळणाऱ्या तुकड्यांचं वाचन प्रसिद्ध केलं. त्यावर आकडा आहे ७ आणि खाली हरणाचं डोकं. हे तुकडे इ.स.पू. ३०० ते २०० या काळातले ठरले. माया प्रदेशात या कालगणनेचा इतका जुना पुरावा त्याआधी मिळाला नव्हता. म्हणजे रंगवलेला प्राणी इथे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीही दिवसाचं नाव म्हणून येत होता. आजच्या चित्रात हरणाशेजारी तीन ठिपके दिसले तर ती सजावट समजू नये. एक ठिपका म्हणजे १ आणि एक आडवी पट्टी म्हणजे ५, असे त्यांचे आकडे असतात. तिथे कुणाची तरी जन्मतारीख लिहिलेली असू शकते.

नवाल म्हणजे काय?

या लेखातला एकच पारिभाषिक शब्द नीट लक्षात ठेवायचा आहे: नवाल. ग्वातेमालात आज हा शब्द मुख्यतः जन्मदिवसाच्या शक्तीसाठी वापरतात. पण त्याला आणखी एक, जास्त खोल पदर आहे. माणसाचा आत्मा त्याच्या एकट्याच्या शरीरात मावत नाही, त्याचा काही भाग बाहेर, रानातल्या एखाद्या प्राण्यात राहतो, अशी ही समजूत. तो प्राणी पाळलेला नसतो आणि बहुधा कधी भेटतही नाही. पण त्याला इजा झाली तर माणूस आजारी पडतो.

मेक्सिकोच्या चियापास राज्यातल्या सिनाकांतान या त्सोत्सिल माया लोकांच्या गावात मानववंशशास्त्रज्ञ इव्हन व्होग्ट यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दीर्घकाळ काम केलं. त्यांनी नोंदवलेली गोष्ट मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटते. गावाच्या पूर्वेला एक मोठा डोंगर आहे. सगळ्या गावकऱ्यांचे सोबती प्राणी त्या डोंगराच्या पोटात, कुंपणाच्या आत राहतात. पूर्वजदेव त्यांना खाऊपिऊ घालतात. माणसानं गंभीर चूक केली तर देव त्याच्या प्राण्याला कुंपणाबाहेर काढतात. मग तो रानात एकटा भटकू लागतो आणि इकडे माणसाचा जीव धोक्यात येतो. बरं करणारा वैद्य रोग्याभोवती विधी करतो, तो मुळात त्या प्राण्याला पुन्हा कुंपणात घेण्यासाठी.

इथे प्राणी माणसाचं ‘प्रतीक’ नाही, हे ध्यानात येईल. प्राण्याच्या पायात काटा गेला तर लंगडणार माणूस.

हाच विचार जुन्या माया लिपीतही आहे. १९८९ साली स्टीफन ह्यूस्टन आणि डेव्हिड स्टुअर्ट यांनी एका चिन्हाचा उलगडा केला. त्या चिन्हात एक मानवी चेहरा आहे आणि त्याचा अर्धा भाग जग्वारच्या ठिपकेदार कातड्यानं झाकलेला आहे. राजघराण्यांच्या मातीच्या भांड्यांवर चितारलेल्या विचित्र प्राण्यांशेजारी ते येतं आणि अमुक राजाचं ‘दुसरं रूप’ असा अर्थ सांगतं. आजच्या चित्रातला अर्धा माणूस, अर्धा जग्वार असा चेहरा पाहून कुणी युरोपातल्या अतिवास्तववादाचा प्रभाव शोधतं, तेव्हा हे चिन्ह आठवावं. एक बाब इथेच सांगायला हवी. भांड्यांवरचे हे प्राणी सौम्य सोबती नसून राजांच्या ताब्यातल्या रोगकारक, जादूटोण्याच्या शक्ती असाव्यात, असं पुढे अभ्यासक म्हणू लागले. त्या प्राण्यांकडे पाहिलं तर ते पटतं. ज्वाळांत वेढलेले, डोळे बाहेर आलेले, हाडं दिसणारे जीव आहेत ते. नवाल म्हणजे गोड संरक्षक देवदूत, ही आजची पर्यटकी कल्पना त्यांच्यासमोर टिकत नाही.

पण जग्वारच का?

मराठीत जग्वार म्हटलं की आधी महागडी मोटार किंवा वायुदलाचं विमान डोळ्यांपुढे येतं, आणि बातम्यांत तर त्याचा सर्रास चित्ता करून टाकतात. हा अमेरिका खंडातला सर्वांत मोठा मार्जारवर्गीय प्राणी. आपल्या बिबट्यासारखा दिसतो, पण अंगानं जास्त भरदार, डोकं मोठं, आणि कातडीवरच्या काळ्या कड्यांच्या आत आणखी बारीक ठिपके. बिबट्याच्या कड्यांत ते नसतात.

त्याच्या सवयी पाहिल्या की माया लोकांनी त्यालाच का निवडलं ते कळतं. तो उत्तम पोहतो, पाण्यातल्या केमन मगरी आणि कासवं मारतो. झाडावर चढतो. तिन्हीसांजेला आणि रात्री फिरतो. माया विश्वात आकाश, जमीन आणि पाताळ असे तीन थर. पाताळाकडे जाणाऱ्या वाटा गुहांतून आणि पाण्यातून. या तिन्ही थरांत बिनदिक्कत फिरणारा आणि अंधारात डोळे चमकणारा दुसरा मोठा प्राणी त्या रानात नव्हता. सूर्य मावळल्यावर पाताळातून पूर्वेकडे परत येतो, त्या रात्रीच्या प्रवासात त्याचं रूप जग्वारचं असतं, असा जुन्या मूर्तींचा अर्थ अनेक अभ्यासक लावतात.

राजांनी हे सगळं उचललं. याश्चिलानच्या राजांच्या नावांतच ‘बालाम’, म्हणजे जग्वार, येतो. बोनाम्पाक या माया नगरातल्या, इ.स. ७९०च्या सुमाराच्या भित्तिचित्रांत लढणाऱ्या राजाच्या अंगावर जग्वारचं कातडं आहे. चिचेन इत्सा या दुसऱ्या नगरातल्या मोठ्या पिरॅमिडच्या पोटात लाल रंगवलेलं जग्वार-सिंहासन सापडलं, त्यावरचे ठिपके हिरव्या मौल्यवान दगडाचे आहेत. आणि किचे लोकांच्या ‘पोपोल वुह’ या पुराणग्रंथात मक्यापासून घडलेल्या पहिल्या चार पुरुषांपैकी तिघांच्या नावात जग्वार आहे.

म्हणजे ‘जग्वार म्हणजे शक्ती’ हे खरं, पण ती कुठली शक्ती? सीमा ओलांडण्याची. दिवसातून रात्रीत, पाण्यातून जमिनीवर, जिवंतांतून मेलेल्यांत ये-जा करण्याची. म्हणून आजच्या चित्रात जग्वार डरकाळी फोडत नसेल, नुसता पाण्याच्या काठावर किंवा दाराच्या उंबऱ्यात बसला असेल, तरी चित्रकारानं त्याला बरोबर जागी बसवलेलं असतं.

चित्रकारांचा स्वतःचा प्राणी

जग्वारचा इतका बोलबाला असतो की खुद्द चित्रकारांचा प्राणी मागे पडतो. तो आहे माकड, आणि मला या सगळ्या प्राण्यांत तोच अधिक आवडतो.

‘पोपोल वुह’मध्ये हुनबात्स आणि हुनचोवेन हे दोन भाऊ येतात. गायक, बासरीवादक, लेखक, कोरीवकाम करणारे, सगळ्या कलांत तरबेज. आणि मत्सरी. धाकट्या सावत्र भावांचा, म्हणजे हुनाहपू आणि श्बालान्के या जुळ्या नायकांचा, ते छळ करतात. एक दिवस जुळे त्यांना पक्षी काढायला झाडावर चढवतात. झाड वाढतच जातं. दोघं वर अडकतात, कमरेचे पट्टे सोडून मागे लोंबत सोडतात, त्यांच्या शेपट्या होतात आणि दोघं माकडं बनतात. आजीनं हसू आवरलं तर ते पुन्हा माणसं होणार असतात. त्यांच्या माकडचेष्टा पाहून आजीला पुन्हा पुन्हा हसू फुटतं आणि ते रानातच राहतात. पण गोष्टीचा शेवट शिक्षेवर होत नाही: त्यानंतर लेखक आणि कलावंत याच दोघांची प्रार्थना करू लागले, असं ग्रंथ सांगतो.

भरभराटीच्या काळातल्या भांड्यांवर माकडाच्या चेहऱ्याचे लेखक हातात कुंचला आणि शिंपल्याची दौत घेऊन बसलेले दिसतात. बात्स हा दिवस आजही कलेचा आणि विणकामाचा मानला जातो. तेव्हा एखाद्या माया चित्रकारानं कॅनव्हासच्या कोपऱ्यात माकड बसवलं असेल तर ती बहुधा सही समजावी. थोडी स्वतःची टिंगल असलेली सही.

बाकीचे प्राणी भराभर. पंखांचा साप म्हणजे मेक्सिकोच्या युकातान भागातला कुकुल्कान हा देव. वटवाघूळ पोपोल वुहमधल्या पाताळात हुनाहपूचं डोकं उडवतं, त्यामुळे चित्रात ते कधी निष्पाप नसतं. घुबडं पाताळाच्या राजांची निरोप्ये आहेत. मक्याचा देव कासवाच्या पाठीला गेलेल्या भेगेतून वर येतो, आणि ते कासव म्हणजे पृथ्वी. चंद्रदेवीच्या हातात ससा असतो. चंद्रावरच्या डागांत ससा पाहणारे, चंद्राला शशांक म्हणणारे आपण या एका चित्रासमोर तरी गोंधळणार नाही.

ही चित्रपरंपरा प्राचीन आहे का?

बहुतेकांना वाटतं की हो. उत्तर मात्र दोन भागांत द्यावं लागतं. प्राण्यांविषयीची समजूत जुनी आहे, तैलरंगातली ही चित्रकला शंभर वर्षांच्या आसपासची.

मधल्या काळात काय झालं? १५६२ साली युकातानमधल्या मानी गावी दिएगो दे लांदा या पाद्र्यानं माया पोथ्या आणि मूर्ती जाळल्या. आज जगात माया चित्रलिपीतल्या चारच पोथ्या शिल्लक आहेत. राजदरबाराची चित्रकला संपली. प्राणी जगले ते इतर जागी: दिवस मोजणाऱ्यांच्या तोंडी, हरणाच्या नाचातल्या लाकडी मुखवट्यांत, आणि सगळ्यात जास्त ‘हुइपिल’मध्ये, म्हणजे बायकांच्या हातमागावरच्या झग्यात. चिचिकास्तेनांगोच्या हुइपिलवर दोन डोक्यांचा गरुड असतो, सान्तियागो आतितलानच्या कापडावर भरतकामाचे पक्षी. तिथे स्पॅनिश लोकांनी आणलेले घोडे आणि कोंबडेही मुकाट येऊन बसले. परंपरा म्हणजे गोठलेलं काही असतं असं मानणाऱ्यांनी या कोंबड्यांकडे जरूर पाहावं.

तैलचित्रं १९२०-३०च्या सुमारास सुरू झाली. कोमालापात आंद्रेस कुरुचिच, आतितलान सरोवराकाठी सान पेद्रोत राफाएल गोन्सालेस, पुढे सान्तियागोत हुआन सिसाय. या पहिल्या फळीनं मुख्यतः लग्नं, जत्रा, मिरवणुका, बाजार रंगवले. गिऱ्हाईक परदेशी पर्यटक. त्या चित्रांत नवाल क्वचितच दिसतो.

मग युद्ध आलं. ग्वातेमालाचं यादवी युद्ध १९६० ते १९९६ चाललं. संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळावर झालेल्या सत्यशोधन आयोगानं १९९९ साली सांगितलं, की दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा नाहीशी झाली, आणि ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. कोमालापातल्या जुन्या लष्करी तळाच्या जमिनीत सामूहिक कबरी निघाल्या. हुआन सिसाय यांची १९८९ साली हत्या झाली. रोसा एलेना कुरुचिच यांची चित्रं तळहाताएवढी का, याचं एक कारण हेच सांगतात: ती लपवून नेता येत. बाई असून चित्रं काढते म्हणून गावाचे टोमणे होतेच, ते वेगळे.

१९९२ साली किचे माया कार्यकर्त्या रिगोबेर्ता मेन्चू यांना शांततेचं नोबेल मिळालं, १९९५ साली आदिवासींच्या ओळखीविषयीचा करार झाला. जे उघड करायला भीती होती ते, म्हणजे डोंगरावरचे विधी, दिवसांची नावं, हळूहळू उजेडात येऊ लागलं. कॅनव्हासवर जग्वार, हरणं, पंखांचे साप यांची गर्दी व्हायला लागली ती साधारण या काळापासून. म्हणून ही चित्रं प्राचीनतेच्या ओढीनं काढलेली आहेत असं मला वाटत नाही. ज्यांना मारताना ‘हे रानटी’ असं म्हटलं गेलं, त्यांच्या पुढच्या पिढीनं रानातला प्राणी उघडपणे स्वतःचा म्हणून रंगवणं, यात पुरेसं ताजं राजकारण आहे.

प्रत्यक्ष चित्रात हे कसं दिसतं?

पुन्हा पाउला निचो. त्या आधी विणकर, मग चित्रकार. त्यांच्या चित्रातले पंख हुइपिलच्या कापडाचे का, हे आता कळेल: त्या गावात पक्षी राहिला तोच मुळी कापडात. बाई पक्षी ‘होते’ तेव्हा ती आईनं विणलेल्या पक्ष्यातच शिरते. अंगावर कातडीसारखी चढलेली नक्षीही तशीच वाचावी. शाळेत, शहरात, नोकरीच्या ठिकाणी हुइपिल उतरवायला लावणाऱ्या देशात ती नक्षी उतरवताच येत नाही अशा जागी नेऊन ठेवली आहे.

चियापासमधल्या तेनेहापा गावचे त्सेल्ताल माया चित्रकार आंतून कोहतोम यांची वाट वेगळी. त्यांच्या चित्रांत माणसाचं आणि प्राण्याचं शरीर एकमेकांत गुंतलेल्या तुकड्यांतून घडतं. कुठला डोळा कुणाचा हे ठरवणं कठीण जातं, आणि ते कठीण जावं हाच त्यातला मुद्दा असावा.

कोमालापाचेच एद्गार कालेल, जन्म १९८७, आणखी पुढे गेले. २०२३ साली न्यूयॉर्कच्या स्कल्प्चर सेंटरमध्ये त्यांनी ‘बालाबाह’ म्हणजे ‘जग्वार-दगड’ या नावाची मांडणी केली. तिच्यात माती आणि दगड होते. जग्वारचं चित्र काढण्याऐवजी त्याची जागाच त्यांनी उभी केली.

प्रत्येक प्राण्यात नवालच शोधायचा का?

मुळीच नाही. आतितलान सरोवराकाठच्या दुकानांत ‘पक्ष्याच्या नजरेतून’ आणि ‘मुंगीच्या नजरेतून’ अशा नावांची चित्रं ढिगानं मिळतात. पहिल्या प्रकारात बाजार थेट वरून दिसतो, नुसत्या टोपल्या आणि टोप्या. दुसऱ्यात खालून, म्हणजे टोपल्यांवर वाकलेले चेहरे. मांडणी म्हणून दोन्ही झकास आहेत. पण इथला पक्षी आणि मुंगी म्हणजे फक्त पाहण्याचा कोन. त्यात पूर्वजांचं गूढ शोधणाऱ्याला विक्रेता हसून मान डोलावेल आणि किंमत वाढवेल.

शिवाय सगळे माया लोक नवाल मानतात असंही नाही. बरेच जण कॅथलिक आहेत, बरेच इव्हँजेलिकल, आणि त्यांच्यातल्या काही पंथांत हे सगळं सैतानी समजलं जातं.

ही अंधश्रद्धाच नाही का?

हा प्रश्न आपल्याकडे येणारच, आणि यायलाच हवा. जादूटोण्याच्या संशयापायी माणसं मारली जातात, हे महाराष्ट्राला सांगायला नको. २०१३चा कायदा त्यासाठीच आहे. पण ग्वातेमालातली एक घटना पाहा. जून २०२० मध्ये पेतेन भागात दोमिंगो चोक चे या केक्ची माया वनौषधी जाणकाराला जमावानं जिवंत जाळलं. आरोप चेटकाचा होता. औषधी वनस्पतींवर ते संशोधकांबरोबर काम करत होते. म्हणजे तिथे बळी गेला तो परंपरेचा जाणकार.

चित्र पाहण्यासाठी नवालवर विश्वास असावा लागत नाही. दत्तगुरूंच्या तसबिरीतली चार कुत्री आणि गाय कोण, हे नास्तिक मराठी माणसालाही ठाऊक असतं. इथेही तेवढीच माहिती पुरेशी आहे.

बाहेरच्यांनी हे प्राणी रंगवले तर?

रंगवले आहेत, आणि काही फार चांगले. मेक्सिकोचे चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी १९३१ साली पोपोल वुहवर जलरंगांची मालिका केली. ग्वातेमालात जन्मलेल्या कार्लोस मेरिदा यांनी १९४३ साली त्याच ग्रंथावर शिळाछापाची चित्रं केली. इंग्लंडमध्ये जन्मून मेक्सिकोत स्थायिक झालेल्या लिओनोरा कॅरिंग्टन यांना १९६०च्या दशकात मेक्सिको शहराच्या मानववंशशास्त्र संग्रहालयासाठी माया जगावर मोठं चित्र करायचं होतं. त्यासाठी त्या चियापासला जाऊन राहिल्या. त्या चित्रात आकाश, जमीन आणि पाताळ असे थर आहेत आणि प्राणी तिन्हींत फिरतात. कॅरिंग्टन यांचे स्वतःचे प्राणीही त्यात घुसले आहेत. मला त्यात गैर दिसत नाही, कारण कुणाचं काय हे चित्रात स्पष्ट दिसतं.

अडचण वाटते ती सरकारं आणि कंपन्या हे प्राणी उचलतात तेव्हा. क्वेत्झाल हा ग्वातेमालाचा राष्ट्रीय पक्षी आणि १९२५ पासून चलनाचंही नाव. १५२४ साली स्पॅनिश सेनेशी लढताना पडलेला किचे योद्धा तेकुन उमान याचा नवाल क्वेत्झाल होता, त्याच्या रक्तानं पक्ष्याची छाती लाल झाली, ही कथा तिथे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. १९६० साली तो राष्ट्रीय वीर जाहीर झाला. त्याच वर्षी सुरू झालेल्या युद्धात त्याच्याच लोकांची गावं जाळली गेली. मेक्सिकोत डिसेंबर २०२३ मध्ये धावू लागलेली ‘माया रेल्वे’ हे ताजं उदाहरण. सुमारे दीड हजार किलोमीटरचा हा मार्ग आहे, आणि डब्यांचं रूप जग्वारवरून घेतलेलं. रुळांसाठी जी झाडं तोडली त्यांतली काही जग्वारच्याच रानातली, म्हणून पर्यावरणवाल्यांनी ओरड केली. सरकारनं प्राण्यांसाठी रुळांखालून वाटा बांधल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण या जग्वारचा माणूस कोण, याचं उत्तर त्या डब्यावर कुठे सापडत नाही.

हक्काचा प्रश्न विणकर बायकांनी आधी कोर्टात नेला. कापडावरची नक्षी गावाच्या सामायिक मालकीची मानावी, अशी त्यांची मागणी आहे. २०१७ साली ग्वातेमालाच्या घटनात्मक न्यायालयानं संसदेला त्यासाठी कायदा करण्याविषयी बजावलं.

चित्रकलेच्या बाजूनं कालेल यांनी दुसरा मार्ग काढला. २०२१ साली लंडनच्या टेट संग्रहालयाला त्यांची एक मांडणी हवी होती: दगडांवर ठेवलेली फळं आणि भाज्या, पूर्वजांना अर्पण केलेली. संग्रहालयं वस्तू विकत घेतात आणि ती कायमची त्यांची होते. कालेल यांनी विकायला नकार दिला. ठरलं ते असं: टेट त्या कामाचा मालक होणार नाही, फक्त १३ वर्षं राखणदार असेल. १३ हा आकडा माया कालगणनेतलाच. मुदत संपल्यावर राखण पुढे चालू ठेवायची, दुसऱ्या कुणाकडे द्यायची की थांबवायची, ते तेव्हा ठरेल.